‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ लिहिण्याआधी: नव्या सुपरवायझरसाठी डोक्यावरच्या भाराचा हिशेब

कोल्हापूरजवळची शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी घ्या, नाहीतर शिवाजी उद्यमनगरातला एखादा जुना गाळा. सहा-आठ मशीन, दहा-पंधरा माणसं, शेजारच्या फौंड्रीतून येणारं कास्टिंग (ओतीव भाग) आणि डिस्पॅचची गाडी कायम दारात. अशा मशीन शॉपमधली रिजेक्शनची, म्हणजे बाद झालेल्या पीसची वही उघडली तर कारणाच्या रकान्यात हमखास सापडणारे शब्द म्हणजे ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’. एकदा हे लिहिलं की चौकशी मिटते. ऑपरेटरला दोन शब्द ऐकवले जातात आणि पुढच्या आठवड्यात तोच दोष दुसऱ्याच माणसाच्या हातून पुन्हा येतो.

डिप्लोमा करून नुकताच सुपरवायझर झालेला, ऑपरेटरवरून बढती मिळालेला किंवा वडिलांच्या शॉपमध्ये नव्याने लक्ष घालणारा, अशा माणसासाठी हा लेख आहे. मशीनवर किती लोड द्यायचा हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. स्पिंडल लोड मीटर लाल झाला की हात आपोआप फीड कमी करतो. माणसासाठी असा मीटर नसतो, म्हणून त्याचा भार थोडा खटपट करून मोजावा लागतो. बघणं, लक्षात ठेवणं, हिशेब करणं, ठरवणं आणि हे सगळं ठरलेल्या वेळेत करणं, म्हणजे हा भार. अर्गोनॉमिक्समध्ये (काम माणसाला झेपेल असं आखण्याच्या शास्त्रात) त्यासाठी आयएसओ १००७५ नावाचं वेगळं मानकही आहे, पण ते वाचल्याशिवाय अडून राहू नका.

पहिली पायरी: उभं राहून बघा

एक मशीन निवडा आणि तासभर तिथं थांबा. आधी ऑपरेटरला स्वच्छ सांगा, “मामा, तुमची चूक काढायला आलो नाही, या कामात तुम्हाला त्रास कुठं होतो ते बघायचंय.” हे न सांगता हातात स्टॉपवॉच घेऊन उभे राहिलात तर सायकल टाइम कमी करायला आलेत असं समजून माणूस मुद्दाम सावकाश काम करेल, किंवा जीव तोडून पळेल. दोन्हीचा उपयोग नाही.

या तासात उत्पादन मोजू नका, खुणा बघा. मशीनच्या दरवाजावर खडूने किंवा मार्करने आकडे लिहिलेत का? असतील तर डोक्यात मावत नाही म्हणून तो भिंतीची मदत घेतोय. तळहातावर बॉलपेनने ऑफसेट (टूलच्या जागेत मशीनला द्यायची दुरुस्ती) लिहिणारे तर पुष्कळ दिसतील. मापांचं रजिस्टर तासातासाला भरलं जातंय, की शिफ्ट संपताना एकाच पेनाने, एकाच झोकात, सगळी मापं जवळपास सारखीच? दरवाजाच्या सेफ्टी स्विचला चुंबक किंवा वायर लावून बायपास केलंय का? तसं असेल तर ते आजच काढा, पण ते का लावलं हेही विचारा. दर पीसला वाचणारे चार-पाच सेकंद त्याला एवढे मोलाचे का वाटले, याचं उत्तर बहुतेक वेळा टार्गेटच्या पाटीवर असतं.

आणखी एक गोष्ट मोजा: तासाभरात त्याला कितीजणांनी हाक मारली. हेल्पर, स्टोअरवाला, क्वालिटीवाला, फोनवर मालक आणि तुम्ही स्वतः. वहीत फक्त रेघा मारत जा.

दुसरी पायरी: दोन मशीन, एक माणूस

आपल्याकडे एकाच्या हाती दोन सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन) देणं नेहमीचं आहे. कोटेशनच त्या हिशेबाने गेलेलं असतं. पण तो हिशेब मशीनच्या वेळेचा असतो. माणसाच्या वेळेचा हिशेब असा करून बघा.

समजा पहिल्या मशीनवर सायकल १८० सेकंद आणि लोडिंग-अनलोडिंग ३५ सेकंद, म्हणजे तासाला साधारण १६ पीस. दर पीसला ऑपरेटरचं हातकाम असं: लोडिंग ३५, गेजिंग (माप घेणं) २०, बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढणं १५, एकूण ७० सेकंद. दुसऱ्या मशीनवर सायकल ७० आणि लोडिंग ३०, म्हणजे तासाला ३६ पीस. तिथं हातकाम लोडिंग ३०, गेजिंग १०, बर १५, एकूण ५५ सेकंद. आता गुणाकार करा. १६ गुणिले ७० म्हणजे १,१२० सेकंद, ३६ गुणिले ५५ म्हणजे १,९८० सेकंद. बेरीज ३,१०० सेकंद, म्हणजे जवळपास ५२ मिनिटं.

तासातली ५२ मिनिटं नुसत्या ठरलेल्या हातकामात गेली. उरलेल्या आठ मिनिटांत इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलायचा, ऑफसेट द्यायचा, चिप ओढायची, कूलंट बघायचं, रजिस्टर भरायचं, पाणी प्यायचं आणि विचार करायचा. लागणारा वेळ उपलब्ध वेळेच्या ८० टक्क्यांच्या पुढे गेला की चुका वाढू लागतात, असा या क्षेत्रातला ढोबळ ठोकताळा आहे. इथं तो ८६ टक्के झाला. एवढं गणित कागदावर मांडून मालकांपुढे ठेवा. “पोरं मनावर घेत नाहीत” या वाक्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

उपायही याच गणितातून निघतो. दोन छोट्या सायकलची मशीन एकाला देऊ नका, एक लांब आणि एक छोटी अशी जोडी लावा. बर काढायचं काम हेल्परकडे वळवलं तर वरच्या उदाहरणात तासाला १३ मिनिटं सुटतात. प्रत्येक पीस मोजायची खरंच गरज आहे का, की पाचव्या पीसला मोजून चालेल, हे क्वालिटीशी बसून ठरवा.

तिसरी पायरी: चूक नेमकी कुठं जन्म घेते ते शोधा

इथं जरा थांबूया, कारण सगळ्यात महागडी रिजेक्शन या जागी होतात.

एका मशीनवर बोअर (आतलं भोक) फिनिश होतोय, दुसऱ्यावर बाहेरचा व्यास. दोन्ही कामं एकाच माणसाकडे. बोअर गेजमध्ये भोक लहान असेल तर टोक आत दाबलं जातं आणि काटा उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने जातो. बाहेरचा व्यास तो कंपॅरेटर स्टँडच्या डायलवर बघतो. तिथं व्यास मोठा असेल तेव्हा काटा उजवीकडे जातो. आता दुरुस्ती बघा. बोअर लहान आहे, तर एक्स (व्यासाच्या दिशेचा) ऑफसेट अधिक करायचा. बाहेरचा व्यास मोठा आहे, तर एक्स ऑफसेट उणे करायचा. काटा दोन्हीकडे उजवीकडेच गेला, पण एका मशीनवर अधिक आणि दुसऱ्यावर उणे! शिफ्टच्या पहिल्या तासात हे कुणालाही जमतं. सातव्या तासाला, दुसऱ्या मशीनची सायकल संपल्याचा लाल दिवा लागलेला असताना आणि मागून कुणीतरी “झालं का रं?” विचारत असताना, चिन्ह उलटं पडतं.

फानुक कंपनीच्या कंट्रोलरवर, म्हणजे सीएनसी चालवणाऱ्या संगणकावर, आणखी एक फट आहे. ऑफसेटच्या पानावर ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ अशा दोन सॉफ्ट की असतात. वेअरमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती लिहायच्या रकान्यात) आधी उणे ०.०८५ आहे आणि त्यात ०.०२० मिळवायचे आहेत. ‘प्लस इनपुट’ दाबलं तर ते उणे ०.०६५ होतं, म्हणजे बरोबर. ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसून थेट अधिक ०.०२० बसतो. बोअर एका फटक्यात ०.१०५ मिलिमीटरने उघडतो आणि हव्या त्या मापाच्या ०.०८५ पुढे जातो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ३० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३० मिलिमीटरचा असेल तर तो पीस भंगारात. आधीचं मशीनिंग, कास्टिंगची किंमत, सगळं पाण्यात, आणि वहीत कारण काय, तर ‘दुर्लक्ष’.

याला भाषण नको, उपाय हवेत, आणि ते स्वस्त आहेत. प्रत्येक मशीनवर, ऑफसेटच्या स्क्रीनशेजारी, त्या जॉबचं लॅमिनेट केलेलं कार्ड लावा: ‘काटा उजवीकडे: अधिक’ किंवा ‘काटा उजवीकडे: उणे’. मोठ्या अक्षरात, बाणासह. (आपल्या गेजवर काटा कुठल्या बाजूला जातो ते आधी मास्टर (पक्क्या मापाचा नमुना) लावून तपासा, मगच कार्ड छापा.) काट्याच्या प्रत्येक रेघेला किती ऑफसेट द्यायचा, याचा तयार तक्ता त्याच कार्डावर द्या, म्हणजे वजाबाकी डोक्यात करावी लागणार नाही. वेअर ऑफसेटमध्ये एका वेळी किती मोठा आकडा घ्यायचा, याला पॅरामीटरमधून मर्यादा घालता येते. सर्व्हिस इंजिनिअर येईल तेव्हा ती घालून घ्या. शक्य असेल तिथं बोअरची दोन मशीन एकाकडे आणि बाहेरच्या व्यासाची दुसऱ्याकडे अशी वाटणी करा, म्हणजे शिफ्टभर चिन्ह एकच राहतं.

शॉपमधली अशी प्रत्येक उलटसुलट जागा शोधून काढा. दिसायला सारखे दोन फिक्स्चर (पीस पकडून ठेवणारे साचे), एका अंकाचा फरक असलेले दोन प्रोग्रॅम नंबर, एकाच रंगाचे गो आणि नो-गो गेज (माप बरोबर असेल तर एक जातो, दुसरा जात नाही). ही यादी करायला ऑपरेटरच लागतात, आपल्याला ती सुचत नाही. विचारलंत की एखादा जुना माणूस हसून म्हणेल, “साहेब, ह्ये आम्ही कवापासनं सांगतूय.”

चौथी पायरी: त्यालाच विचारा, पण नीट

डोक्यावरचा भार मोजायची जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत अमेरिकेच्या नासामधून आली. सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी ती १९८८ मध्ये मांडली. नाव नासा-टीएलएक्स (टास्क लोड इंडेक्स). वैमानिकांसाठी सुरू झालेली ही पद्धत आज कारखान्यांत आणि दवाखान्यांतही चालते. सहा प्रश्न, प्रत्येकासाठी ० ते १०० अशी एक आडवी रेघ, पाच-पाचच्या अंतराने खुणा. माणसाने फुली मारायची. आपल्या भाषेत प्रश्न असे करा:

१. डोकं किती चालवावं लागलं?
२. अंगमेहनत किती झाली?
३. वेळेची घाई किती होती?
४. काम मनासारखं जमलं का?
५. एवढं जमवायला किती जोर लावावा लागला?
६. वैताग, चिडचिड, टेन्शन किती आलं?

चौथ्या प्रश्नात गडबड होते. तिथं डावं टोक ‘छान जमलं’ आणि उजवं ‘अजिबात नाही’ असं असतं, म्हणजे आकडा जितका मोठा तितकं वाईट. सवयीने लोक उलटी फुली मारतात. ही ओळ समजावून सांगा, नाहीतर बेरीज खोटी येईल.

मूळ पद्धतीत या सहा बाबींच्या १५ जोड्या पाडून वजन काढायचं असतं. लहान शॉपमध्ये ते सोडून दिलं तरी चालतं. सहा आकड्यांची साधी सरासरी घ्या, तीही मान्य पद्धत आहे. समजा फुल्या आल्या ७५, ४०, ८५, ३०, ७० आणि ६०. बेरीज ३६०, सरासरी ६०. हे साठ चांगले की वाईट, असं विचारू नका. उपयोग तुलनेचा आहे: पहिली पाळी आणि तिसरी, हे मशीन आणि ते, बदलाच्या आधी आणि नंतर. सरासरीपेक्षा सुटे आकडे जास्त बोलतात. वरच्या उदाहरणात घाई ८५ आणि अंगमेहनत ४० आहे. इथं क्रेन किंवा हॉइस्ट घेऊन फारसा फरक पडणार नाही, वेळेची वाटणी बदलावी लागेल.

कागद शिफ्ट संपल्या संपल्या भरून घ्या. महिन्याच्या शेवटी विचारलं तर माणूस कामाबद्दल नाही, पगाराबद्दल उत्तर देतो. नाव नको. दहा माणसांच्या शॉपमध्ये अक्षरही ओळखू येतं, म्हणून फक्त फुली. कागद मालकांच्या केबिनमध्ये गोळा करू नका. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलं असतील तर हिंदीत कागद करा, आणि वाचता न येणाऱ्याला त्याच्याच जोडीदाराकरवी विचारा. सगळ्या फुल्या बरोब्बर मध्यावर आल्या, तर समजा की लोकांचा अजून विश्वास बसलेला नाही.

पाचवी पायरी: हाका कमी करा

पहिल्या पायरीत हाकांच्या रेघा मारलेली वही आता बाहेर काढा. सेटिंग चालू असताना, ऑफसेट टाकताना आणि पहिला पीस मोजताना ऑपरेटरला हाक मारायची नाही, एवढा एकच नियम करा. मशीनला एक लाल पाटी अडकवा. पाटी दिसली की मालकसुद्धा थांबतील, हे मालकांकडून आधी कबूल करून घ्या. नियम मोडणारा पहिला माणूस बहुधा तेच असतात.

शिफ्ट बदलताना निरोप तोंडी देऊ नका. कंप्रेसरच्या आवाजात अर्धं ऐकू येतं आणि गाडी गाठायच्या घाईत अर्धं सांगायचं राहतं. मशीनवर एक वही: कुठला इन्सर्ट कधी बदलला, शेवटचं माप काय, काय संशयास्पद वाटतंय. तीन ओळी पुरेत. दहा मिनिटं दोन्ही शिफ्टचे लोक एकत्र असतील असं बघा, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे द्या.

भार फार कमी असणं हाही त्रासच

नुसतं कास्टिंग चढवायचं, बटण दाबायचं, उतरवायचं. किंवा तासन्‌तास बसून क्रॅक आणि ब्लोहोल (कास्टिंगमध्ये हवेने पडलेली भोकं) शोधायचे. इथं डोक्याला काम इतकं कमी की ते भटकतं, हात मोबाईलकडे जातो. मोबाईल जमा करून घेणारे पुष्कळ आहेत, पण त्याने मन जागेवर येत नाही.

१९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडार बघणाऱ्यांच्या कामासारखा एक प्रयोग केला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने फिरायचा, मध्येच कधीतरी दुप्पट उडी मारायचा, तेवढी उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. धडधाकट, तयार माणसांची ही गत, तर पूर्ण शिफ्टभर तपासणीच्या टेबलावर बसलेल्याकडून कसली अपेक्षा? तपासणीचं काम तासा-दीड तासाने फिरवा. त्याला पॅकिंग द्या, डीबरिंग द्या, पाय मोकळे होऊ द्या. चहा दोनदाच, पण लांबलचक, यापेक्षा छोट्या सुट्ट्या जास्त वेळा दिलेल्या बऱ्या.

गेटच्या बाहेरचं ओझं

हा भाग पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही. आपला ऑपरेटर करवीर, हातकणंगले, कागल, पन्हाळा या तालुक्यांतल्या गावांतून येतो. घरी दोन म्हशी, पहाटे धार, डेअरीला दूध, मग मोटरसायकलवर शिफ्टला. उसाला पाणी द्यायचं तर शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात तो मध्यरात्री शेतात आणि सकाळी मशीनवर. सकाळी सातला तो ताजा दिसतो. साडेदहाला गेज वाचताना डोळे जड होतात.

यावर तुमचा ताबा नाही, पण माहिती ठेवता येते. कुणाची रात्रपाण्याची पाळी कधी आहे हे सोमवारी विचारून घ्या आणि त्या दिवसांत नवा जॉब, नवं सेटिंग त्याच्याकडे देऊ नका. पावसाळ्यात पंचगंगा वाढली की माणसांचं चित्त गावाकडे असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवसांत घरी फोन करायला मोकळीक द्या. बंदी घातली तर माणूस मशीनजवळ असतो, डोकं नसतं.

तिसऱ्या पाळीत पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात कच्चा वेळ. नवा प्रोग्रॅम, पहिल्यांदाच लागणारं टूल, अवघड सेटिंग या तासांत ठेवू नका. पाळ्या फिरवायच्या तर पहिलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा पुढच्या दिशेने फिरवा, शरीराला ते उलट्या क्रमापेक्षा सोपं जातं.

ओव्हरटाइमबद्दल थोडक्यात. आठवड्याला ४८ तास आणि वरच्या कामाला दुप्पट दर, हे कायद्याचं आहे. डबल ड्यूटी केलेल्या माणसाच्या दुसऱ्या शिफ्टमधलं रिजेक्शन वेगळं लिहून ठेवा. ऑर्डर वेळेत गेली म्हणून खूश असलेल्या मालकांना तो आकडा दाखवा, मग ठरवू द्या.

कामाच्या पलीकडचं दिसलं तर

कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली, बोलणं तुटलं, दारू वाढली, “जगून काय करायचं” असं काही तोंडून निघालं, तर तिथं कार्ड आणि तक्ते चालत नाहीत. बाजूला घ्या, चहा घेत ऐकून घ्या, उपदेश करू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर हजेरीच्या यंत्रापाशी लावून ठेवा, म्हणजे कुणाला मागायची लाज वाटणार नाही. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि डॉक्टरकडे घेऊन जा.

बदल केल्यावर

एका वेळी एकच बदल करा. कार्डही लावलं, मशीनची जोडीही बदलली आणि हेल्परही दिला, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. बदलानंतर पहिला आठवडा सोडून द्या. नव्या पद्धतीची सवय नसल्याने त्या आठवड्यात टीएलएक्सचा आकडा कधीकधी वाढतोच, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांनी तेच सहा प्रश्न, त्याच मशीनवर, त्याच पाळीला विचारा आणि शेजारी त्या काळातलं रिजेक्शन लिहा. आकडा उतरला पण रिजेक्शन तेवढंच राहिलं, तर इन्सर्ट, फिक्स्चर किंवा कास्टिंग तपासा, दोष माणसात नव्हता. दोन्ही उतरले तर ते कार्ड पुढच्या मशीनसाठी छापायला द्या, आणि रिजेक्शनच्या वहीतला कारणाचा रकाना थोडा रुंद करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तिथं कुठला गेज, कितवा तास आणि किती मशीन हेही लिहिता येईल.